सेनापतीच्या पगडीतलं पोस्टकार्ड

अमरावती, साईनगर
मंगळवार

अकोला मुक्कामी जुन्या शहरात सुखाने नांदणारे, एके काळचे युवराज आणि आजचे शाळेच्या गणवेशांचे नामांकित शिंपी जनाब ताहेरभाई यांच्या सेवेशी, वलगावच्या नवतरुण नाट्यमंडळाचा माजी सेनापती आणि सध्या सक्तीच्या विश्रांतीवर असलेला पेशंट खुशालराव याचा नमस्कार, सलाम, आणि दोन्ही हातांनी मिठी (हात पोचतील तिथपर्यंत. तुझ्या इमरानने ईदेचा फोटो पाठवला होता, त्यात तुझा घेर पाहिला). सुरैय्याभाभींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढू नका, वर जे काही आहे ते खाली मागवून घ्या. इमरानचं दुकान, सुनेची तब्येत, तुझी साखर, सगळं ठीक आहे असं मी धरून चालतो. एवढा आदर पुरे. आता मी तुला नेहमीसारखं अरेतुरे करतो, कारण पत्र लांब आहे आणि आदराने एवढं लांब लिहिता येत नाही.

तू म्हणशील, दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग याला मधेच पत्राचं काय सुचलं? तर आपला फोन कसा असतो ते तूच आठवून पाहा. तू विचारतोस बीपीची गोळी घेतली का, मी विचारतो अकोल्यात थंडी पडली का, मग तुरीचा भाव (तुझ्याकडे शेत नाही, माझं ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलेलं आहे, तरी भाव दोघांनाही लागतो), मग कोण गेलं त्याची यादी, आणि मग ‘बरं, ठेवतो.’ मला जे सांगायचं आहे ते यात कुठेच बसत नाही. शिवाय फोनवर समोरचा माणूस दर वाक्याला ‘हं’ म्हणतो. आणि स्वगत चालू असताना समोरून ‘हं’ आलं की स्वगत मेलं. हे तुला सांगायची गरज नाही, तू त्या विद्येतला जाणकार आहेस. म्हणून कागद घेतला.

आता घडलं काय ते सांगतो. आमच्या आरतीला (माझ्या नितेशची मुलगी. तू तिच्या बारशाला झबलं शिवून पाठवलं होतंस, ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे) गॅदरिंगला नाटक बसवायचं होतं. बाकीच्या सगळ्या वर्गांनी विनोदी एकांकिका घेतल्या, हिला मात्र शोकांतिका हवी होती. मी विचारलं, बाई, तुला एवढं काय दुःख पडलं? तर म्हणाली, ‘आबा, परीक्षक रडले का मार्क जास्त भेटते.’ मला तिचा अभिमान वाटला. ट्रंक उघडली आणि केशवराव मास्तरांची हाताने लिहिलेली वही काढून तिच्या हातात ठेवली. ‘घात झाला, युवराज!’ पाच अंक, सात मृत्यू, एकवीस स्वगतं. मास्तरांनी त्यापायी उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या खर्ची घातल्या होत्या आणि आपल्या मंडळाने पुढची नऊ वर्षं. कथा तुला तोंडपाठ आहे, तरी आरतीला सांगितली तशीच इथे सांगतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. युवराज आणि सेनापती बालमित्र, दोघेही सरहद्दीच्या छावणीत. तिकडे म्हातारा राजा मरणाला टेकतो आणि मुलाला बोलावणारा खलिता धाडतो. तो पडतो सेनापतीच्या हातात. सेनापती तो पगडीत दडवतो. युवराज बोलावण्याची वाट पाहत राहतो, राजा मुलाची वाट पाहत मरतो, आणि मग पाचव्या अंकात कोणी विष पितं, कोणी तलवारीवर पडतं, कोणाला वेड लागतं. शेवटी रंगमंचावर एक भालदार तेवढा जिवंत राहत असे, तोही पडदा ओढायला कोणीतरी लागतं म्हणून.

वही वाचून आरती दुसऱ्या दिवशी आली ती लाल पेन घेऊनच. एकविसातली अठरा स्वगतं तिने छाटली होती. म्हणे, एवढं एकट्यानं कोण बोलते? मी तिला बसवलं आणि समजावलं की बाई, शोकांतिकेत माणूस चारचौघांत जे बोलतो ते प्रेक्षक फारसं मनावर घेत नाहीत. दरबारात सेनापती छाती बडवून सांगतो की मी राजघराण्यासाठी प्राण देईन, तेव्हा लोक सुपारी कातरत असतात. पण तोच सेनापती दोन पावलं पुढे आला, आवाज खाली आणला आणि ‘हा हात का थरथरतो आहे?’ एवढंच म्हणाला, की अडकित्ते थांबतात. कारण आता हा खरं बोलणार हे लहान लेकरालाही कळतं. खलनायक राजाजवळ खोटं बोलेल, बायकोजवळ बोलेल, देवाच्या मूर्तीपुढे उभा राहून बोलेल, पण स्वगतात बोलणार नाही. नाटकात तेवढीच एक जागा असते जिथे वाईट माणूसही प्रामाणिक असतो. माझं हे भाषण ऐकून तिने पेनाला टोपण लावलं (हे पाहून मी अजून दहा मिनिटं बोललो). मग तिने विचारलं की हा सेनापती एवढ्या लोकांना सगळं सांगतो, मग ज्याला सांगायला पाहिजे त्या युवराजालाच का सांगत नाही? मी म्हणालो, अगं, त्याला सांगितलं तर दोघं पहिल्या अंकातच चहा पितील आणि लोक घरी जातील. शोकांतिका होते ती तेवढ्याच एका कारणाने. हे बोलताना मी भलताच खुशीत होतो. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मात्र ते वाक्य आठवलं आणि अर्धी भाकर ताटात ठेवून उठलो.

आरतीला एकदम पटलं. म्हणाली, म्हणजे आबा, हे व्हॉट्सॅपच्या स्टेटससारखं आहे. मला त्यातलं कळत नाही, म्हणून तिने समजावून दिलं. मैत्रिणीशी भांडण झालं की मैत्रिणीला काही म्हणायचं नाही. मनातलं सगळं स्टेटसला टाकायचं. ते दोनशे लोक पाहतात, मावशी पाहते, गॅस एजन्सीवाला पाहतो, पण टाकणारीचं लक्ष एवढंच असतं की त्या मैत्रिणीने पाहिलं का? आणि तिने पाहिलेलं असतं, पण पाहिलं असं ती म्हणत नाही. मी म्हणालो, पोरी, तू नाटक बसवायला लायक आहेस. स्वगतं पुन्हा अकरावर आली.

ताहेर, आपल्या वलगावात मात्र स्वगताची जी इज्जत होती ती मी नंतर कुठे पाहिली नाही. मास्तरांचा नियम तुला आठवतो ना? एकाचं स्वगत सुरू झालं की बाकीच्यांनी प्रेक्षकांकडे पाठ करायची आणि मागच्या पडद्यावर रंगवलेल्या महालाच्या खिडक्या मोजत उभं राहायचं. (अकरा होत्या. बारावी रंगाऱ्याने झाड काढून बुजवली होती.) ज्याची मान वळली, ज्याचा खांदा हलला, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाचं पाणी भरायचं. बाकीच्यांनी खूप पाणी भरलं. तुझ्यावर ती पाळी नऊ वर्षांत एकदाही आली नाही. तुझ्या पाठीइतकी बहिरी पाठ मी दुसरी पाहिली नाही. मी तीन हातांवरून तुला मारायचे बेत मोठ्याने सांगायचो आणि तू असा उभा असायचास की एखाद्याला वाटावं, याच्या कानापर्यंत माझा आवाज जातच नसेल. आणि म्हणूनच सुंदराबाईचा जीव वर-खाली व्हायचा. पहिल्या रांगेत पोतं अंथरून बसायची ती. माझं स्वगत संपलं आणि तू वळलास, की ती तिथूनच ओरडायची, ‘अरे बावा, त्याच्यावर भरोसा ठेवू नको, आत्ताच बोलला तो आमच्यासमोर!’ आणि तू नाटक थांबवून, हात जोडून, तिला सांगायचास, ‘मावशी, मले आयकू नाई येत नं, मी नाटकात हाव.’ त्यावर ती अजून चिडायची. पाचशे माणसांना ठाऊक आणि एका युवराजाला नाही, हे तिला कधीच पचलं नाही. दुसऱ्या दिवशी कपडे शिवायला टाकायच्या निमित्ताने ती तुझ्या दुकानात येऊन पुन्हा सगळं सांगून जायची, आणि मला मात्र एस.टी.च्या थांब्यावर कोणी सरकून जागा देत नसे.

माझं लग्न तर या स्वगतापायी मोडता मोडता राहिलं. रुख्मिणीचे वडील अचलपूरहून कोणाला न सांगता मुलगा पाहायला आले ते नेमके प्रयोगाच्या दिवशी. जावई म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते खलिता पगडीत दडवताना. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात धरून ते मास्तरांना म्हणाले, ‘पोरगा दिसाले चांगला हाय. पण मनात एक न् तोंडावर एक ठेवते. आमी आपल्या कानानं आयकलं.’ मास्तरांना दोनदा अचलपूरला जाऊन समजूत घालावी लागली. शेवटी रुख्मिणीनेच वडिलांना सांगितलं म्हणे, की जो माणूस मनातलं पाचशे लोकांसमोर बोलतो तो बायकोपासून काय लपवणार? तिच्या या एका अंदाजावर माझा संसार उभा आहे. तो अंदाज किती चुकीचा होता हे तिला अजून कळलेलं नाही, आणि तेच मला पुढे लिहायचं आहे.

पण आधी तालमीचं. आरतीने मला सेनापतीचं स्वगत करून दाखवायला बोलावलं. कॉलेजचा हॉल, पंधरा-वीस मुलं, प्लास्टिकच्या खुर्च्या. युवराज म्हणून शिवम नावाचा उंच मुलगा. आवाज बरा, पाठ वाईट. मी त्याला मागे वळून उभा केला तर त्याने लगेच मोबाइल काढला. तो काढून घेतला तर मान खाजवायला लागला. शेवटी कसाबसा स्थिर झाला, आणि मी दोन पावलं पुढे येऊन सुरुवात केली. चार वाक्यं झाली नाहीत तोच तो वळला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘काका, पण मले तं सगळं आयकू येऊन राहिलं.’ मुलं हसली. मी म्हणालो, शिवमला ऐकू येतं, युवराजाला येत नाही. हे कळायला आम्हाला नऊ वर्षं मिळाली होती, तुला आठ दिवसांत कळलं पाहिजे. तेव्हा आरतीने मला एक साधा प्रश्न विचारला. तिच्या मनात काही नव्हतं. म्हणाली, ‘म्हणजे आबा, तुमी बोलत होते तवा ताहेर आजोबाले सगळं आयकू येत होतं?’ मी म्हणालो, हो, येणारच. तीन हातांवर उभा असायचा.

आणि हे मी तोंडाने बोललो ते माझ्याच कानात जाऊन बसलं. तरी स्वगत पुढे चालू केलं, कारण मुलं बघत होती. ‘महाराजांचा हा खलिता आता माझ्या पगडीतून कधीच बाहेर येणार नाही’ हे ते वाक्य. मी हात पगडीकडे नेला (पगडी नव्हती, माकडटोपी होती) आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, ‘हे पोस्टकार्ड आता माझ्या पगडीतून कधीच बाहेर येणार नाही.’ सगळा हॉल हसला. शिवम तर वळून टाळ्या वाजवायला लागला. मी जवळची खुर्ची ओढली आणि बसलो. मला पुढचं एक अक्षर आठवेना आणि घाम सुटला. मग काय, पळापळ. एकाने पाणी आणलं, दुसऱ्याने ते माझ्या तोंडावर मारलं, तिसऱ्याने कुठूनतरी ग्लुकोजचा डबा पैदा केला, नितेश ऑफिसातून तडक आला, आणि मला सेनापतीच्या अभिनयासकट दवाखान्यात नेऊन झोपवलं. छातीला वायरी लावल्या. कागद चांगला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, मनावर काही ताण आहे का? नितेश म्हणाला, छे, रिटायर माणूस, पेन्शन वेळेवर येते, कसला ताण? मीही मान हलवली. चहा बंद, मीठ कमी, आठ दिवस बिछान्यावर, अशी शिक्षा घेऊन घरी आलो. तेव्हापासून छताकडे पाहत पडलो आहे.

आता दोन पावलं पुढे येतो. तू या वेळी पाठ करू नकोस.

१९८३ साली दिवाळी झाल्यावर मास्तरांनी तुझ्यासाठी नागपूरच्या आकाशवाणीला अर्ज भरला होता. नभोनाट्यासाठी आवाज हवे होते, आणि वलगावात आवाज म्हणजे ताहेर हे कोणीही सांगितलं असतं. तुझ्या स्वगताला बाया पदर डोळ्याला लावायच्या, माझ्या स्वगताला बोटं मोडायच्या. अर्जावर पत्ता माझ्या घरचा होता, कारण मी मंडळाचा चिटणीस. गुरुवारी सकाळी पोस्टकार्ड आलं. तुझं नाव, तारीख, सकाळी अकराची वेळ, आवाजाच्या चाचणीसाठी हजर राहावे. ते मी वाचलं आणि पगडीच्या खोक्यात ठेवलं. देतो उद्या, असं वाटलं होतं. चाचणी अकरा दिवसांवर होती. तू रोज संध्याकाळी मशीन बंद करून यायचास, कुर्त्याला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे, दारातूनच विचारायचास, ‘आलं का बे काही?’ आणि मी म्हणायचो, ‘नाई बा.’ अकरा दिवस, अकरा वेळा. एका संध्याकाळी तू कधी दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. ‘येईन पत्र मंग,’ म्हणायचास आणि उलट मलाच सुपारी द्यायचास. बाराव्या दिवसापासून तू विचारणं बंद केलंस.

चौदाव्या दिवशी आपला प्रयोग होता. तिसरा अंक, छावणी, तू पाठ करून उभा. मी पुढे आलो आणि माझ्या तोंडून ‘खलिता’ निघायच्या जागी ‘पोस्टकार्ड’ निघालं. लोक पाच मिनिटं हसत होते. राजेशाहीच्या काळात पोस्टकार्ड कुठून आलं म्हणून विंगेत मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला, भालदार तोंडात पागोटं कोंबून हसत होता, सुंदराबाईसुद्धा हसली. मीही मग हसल्यासारखं केलं. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझ्याकडे पाहिलं. तुझी पाठ हलली नव्हती. ती मास्तरांच्या नियमापायी हलली नाही की तू सगळं समजून उभा होतास, हे मला बेचाळीस वर्षांत कळलेलं नाही. त्या दिवशी पाचव्या अंकातलं तुझं शेवटचं स्वगत तू असं म्हटलंस की मी विंग सोडून मागे जाऊन बसलो. लोक म्हणाले, आज ताहेर काही वेगळाच होता.

उन्हाळ्यात तू सासुरवाडीच्या दुकानात हातभार लावायला म्हणून अकोल्याला गेलास. तुझी शिलाईमशीन एस.टी.च्या टपावर मीच चढवली. दोर मीच बांधला. तू खिडकीतून हात हलवत होतास आणि मी मनात म्हणत होतो की आता सांग, गाडी हलायच्या आत सांग. गाडी हलली. मंडळही मग त्या वर्षीच बंद पडलं.

मला तुझा हेवा वाटत होता, ते खरंच आहे आणि ते कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. पण एवढंच असतं तर मी दोन-तीन दिवसांत कार्ड दिलं असतं. खरी गोष्ट अशी होती की तू नागपूरला गेलास तर पुन्हा येणार नाहीस, असं मला वाटत होतं. मास्तर म्हातारे, बाकीचे शेतावर, मी एकटा कोणाशी बोललो असतो? रुख्मिणी नवीन होती, तिची भीती वाटायची. मला तू वलगावात हवा होतास, म्हणून तुझं कार्ड मी दडवलं. आणि तू सहा महिन्यांत गेलासच. नागपूरला जाऊन तुझा आवाज साऱ्या विदर्भाने ऐकला असता, तो तू अकोल्यात गिऱ्हाइकाला ‘हात वर करा’ म्हणण्यात घालवलास. मी फार वाईट केलं, ताहेर. मला माफ कर. त्या वेळी तुझ्यासमोर बसून म्हणायला पाहिजे होतं ते आता, तीस कोस दुरून, कागदावर म्हणतो आहे, हेही मला कळतं.

भाभींना सलाम, इमरानला आशीर्वाद.

तुझा,
खुशाल

ता. क. १. मुख्य मुद्दा राहिलाच. येत्या वीस तारखेला, शनिवारी, संध्याकाळी पाचला आरतीचं नाटक आहे. मास्तरांच्या वहीचं शेवटचं पान वाळवीने खाल्लं, त्यामुळे युवराजाचं शेवटचं स्वगत कोणाजवळच नाही, आणि तो शिवम नुसताच विष पिऊन खाली पडतो. ते स्वगत फक्त तुला पाठ आहे. शुक्रवारीच ये आणि पोराकडून ते घोटून घे. खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, वरचं सगळं ओघात आलं.

ता. क. २. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. वाळवी लागली हे मात्र खरं. तू ये. स्वगत शिकव किंवा शिकवू नकोस. मला फक्त एवढं सांग की त्या दिवशी तू ऐकलं होतंस का? ऐकलं असेल तर एवढी वर्षं दर रविवारी माझ्या बीपीची चौकशी कशी करू शकलास?

ता. क. ३. रुख्मिणी नेहमीप्रमाणे भाभींसाठी दोन ओळी लिहील म्हणून खाली जागा सोडतो आहे. पत्र टाकायलाही तिलाच देतो, मला बाहेर पडायची बंदी आहे. वरचा भाग दुमडून टाचणी लावली आहे आणि आत नाटकाचं मॅटर आहे असं सांगितलं आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही. तूही बोलू नकोस.

ताहेरभाऊले रुख्मिणीचा नमस्कार.

मी टाचणी नाई काढली. काढाची गरजच नाई पडली. हे दोन दिवस एक एक वाक्य मोठ्यानं म्हणून म्हणून लिवून राहिले होते, अन् मी बाजूच्या खोलीत तूर निवडत बसली होती. शेजारच्या ललिताबाईनंही अर्धं आयकलं. तब्येतीचं बिलकुल मनावर घेऊ नका. बिछान्यावर पडून हाय म्हणते, पण काल चौकात जाऊन कचोरी खाऊन आले, मिशीले चटणी लागली होती. माकडटोपी घालून गेले, म्हणजे कोणी ओळखत नाई असं वाटते ह्यायले.

भाऊ, त्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी तुमी कपड्याचं गाठोडं घेऊन घरी आले होते, तुमाले याद असन. हे शेतात गेले होते. माह्या लग्नाले वर्षही झालं नव्हतं, तुमच्याशी बोलाची लाज वाटे. तरी मी इचारलं, ते पोस्टकार्डाचं काय होतं, भाऊ? तुमी म्हणलं, मी तं पाठ करून उभा होतो, वैनी. मंग चहा पेला, अन् उठता उठता म्हणलं, ‘खुशालनं पाचशे लोकाईसमोर सांगतलं. एकट्या मले सांगाले त्याले टाइम लागन. लागू द्या, मी थांबतो. तुमी त्याले काही बोलू नका.’ मी नाई बोलली. पोट्टं झालं, पोट्ट्याचं लग्न झालं, नात कॉलेजात गेली, पण मी तोंडातून सबूद नाई काढला. दर रविवारी तुमचा फोन आला का मी हातातलं काम सोडून आयकत बसे, का आज सांगते का.

ते कार्ड अजून पगडीच्या खोक्यात हाय. वाळवीनं वही खाल्ली, त्याले हात नाई लावला. तुमी येसान तवा तुमच्या हातात देतो.

पत्र घेऊन मी आत्ताच निंगाली, उद्या म्हणलं तं हे परत मागून घेतीन. सुरैय्याभाभीले सोबत आणा. शुक्रवारची वाट नका पाहू. सांगतलं ह्यायनं, भाऊ. या आता.